झटकायचं न्हाय

आप्पा, पण मारायची काय गरज होती? तोंडानं सांगितलं असतं तर कळलं नसतं का मला? सात वर्षांचा होतो. तुम्ही पिरनवाडीच्या घरामागं आंघोळ करत होता आणि तुमचा ड्यूटीचा खाकी शर्ट दगडावर पडला होता. मला तो घालून पोलीस व्हायचं होतं. उचलला, झटकला, तोच ओल्या हातानं थोबाडीत बसली. "झटकायचं न्हाय!" एवढंच बोललात, शर्ट आत आत गुंडाळला आणि उकळत्या पाण्यात टाकला. मला वाटलं, यांना पोरापेक्षा शर्ट मोठा. टीबी वॉर्डातल्या चादरी गोळा करून आलात की आंघोळीआधी तुम्ही जवळ घ्यायचा न्हाय, आणि आंघोळ होईपर्यंत मी रुसून बसलेला असायचो.

आता मी इथं मस्कतला हॉस्पिटलच्या लाँड्रीत लागलोय. परवा आम्हा नव्या माणसांना शिकवायला एक केरळची सिस्टर आली. चादरीवर तिनं पावडर ओतली आणि एका कोल्हापूरच्या गड्याला म्हणाली, झटक. त्यानं झटकली. सगळ्यांच्या मिशा पांढऱ्या! "म्हातारे झालो रं, आता पेन्शन द्या," म्हणत सगळे हसतायत. सिस्टर म्हणाली, रोग असाच उडतो. मग माझी पाळी. मी कडा आत घेत, छातीपासून लांब धरून गुंडाळली. कणभर पावडर उडाली न्हाय. "किसने सिखाया?" "बाप ने." "डॉक्टर है?" पुन्हा हशा. मला हसता आलं न्हाय. तुम्हाला कुणी शिकवलं होतं, आप्पा? हातात मोजे न्हाईत, तोंडाला फडकं न्हाय.

शेवटी त्याच रोगानं तुम्ही गेलात. तुमच्या अंगावर शेवटचं पाणी घालायला आईनं मला हाक मारली, मी उंबऱ्यातनं हललो न्हाय. "कधी जवळ घेतलं न्हाय, आता मी कशाला हात लावू?" असं आईला म्हणालो. आजवर तेच सांगत आलोय. खोटं होतं ते. मला लई भ्या वाटलं होतं.

धाकट्याला तुमच्या जागी घेतलंय, त्याच वॉर्डात. आईनं कुणाकडून तरी लिहून पाठवलंय, ड्यूटीच्या शर्टानंच चुलीपुढं जेवाय बसतोय, सांगितलं तर हसतोय. मारायला तुम्ही न्हाय, मी हा असा लांब. हे पत्र तर कुठं टाकणार? त्याला वेगळं लिहिलंय, चादर कशी गुंडाळायची त्याचं चित्र काढून. रबरी मोजे, साबण आणि दोन जादा शर्टांसाठी सोबत तीनशे रुपये पाठवतोय.