ब्रेकच्या दिवशीच्या कुरडया

देवळी,
१२ जून २००४

प्रिय छाया,

चंद्रपूरला भावाकडे रुळलीस का गं? मी मजेत आहे असं लिहायला हात धजत नाही बघ. एप्रिलमध्ये घातलेल्या कुरडया डब्यात तशाच पडून आहेत. तळायला घेतल्या की रडू येतं, मग परत झाकण लावते.

विद्यापीठातल्या आपण सगळ्या टेंपरवारी बायका. कायम करा म्हणून उद्या कोणी हक्क सांगू नये, यासाठी दरवर्षी एक दिवस कामावरून कमी करायचे, दुसऱ्या दिवशी नवी ऑर्डर द्यायचे. बाकी ठिकाणी या ब्रेकच्या नावानं लोकांची झोप उडते. आणि आपण? माझ्या गच्चीवर कुरडया! कारण महादेवराव सर होते ना. एवढे कुलसचिव, पण त्या दिवशी आपल्या जागी स्वतः झाडू मारायचे, माठ भरायचे. प्राध्यापक हसले की म्हणायचे, "बाया नाई आल्या तर किती अडते, ते मले तरी समजू द्या." दुपारी आपण चिकाचा डबा पाठवायचो. झाडू बाजूला ठेवून तिथेच पायरीवर बसून खायचे बिचारे.

युनियनचे प्रेमदासभाऊ केस करू म्हणून सह्या मागायला गच्चीवर आले होते, आठवतं? आपण त्यांना चीक खाऊ घातला अन् वाटेला लावलं. म्हटलं, सर असताना कोर्ट कशाला!

दिवाळीत सर रिटायर झाले. तरी या एप्रिलला आपण तेच केलं. कुरडया वाळल्या, ऑर्डर काही आली नाही. नव्या साहेबांनी ठेकेदाराची माणसं लावून टाकली. खरं सांगू, कधीकधी मला सरांचाच राग येतो. इतकं कशाला जपायचं माणसानं? थोडी धास्ती राहू दिली असती तर आपण सह्या केल्या असत्या. मग माझीच मला लाज वाटते. आपल्या ऑर्डरच्या मंजुरीसाठी त्यांनी मुंबईला कमी खेटे घातले का?

काल त्यांना भेटायला गेले होते. लकवा मारल्यापासून ते खाटेवरच आहेत. आपलं काम गेलं हे त्यांना सांगितलेलं नाही, असं त्यांच्या बायकोनं, सीताबाईंनी दारातच मला बजावलं. सरांनी पहिलं तेच विचारलं, "सगळ्या रुजू झाल्या ना?" मी हो म्हटलं. "मंग आज इथं कशी?" सुचलं ते बोलून गेले, सर, आज माझा ब्रेक आहे. तर उठायची धडपड करत म्हणतात कसे, "मंग तुह्या जागी झाडू कोन मारून राह्यलं?" म्हणून हे पत्र. पुढच्या आठवड्यात तू येशील तेव्हा ती निळी युनिफॉर्मची साडी नेसून सरांकडे जा. अन् त्यांनी विचारलंच, तर कोकिळाच्या जागी मी मारला, असं सांग.

तुझीच,
कोकिळा