कुंकवाचं बोट

गाईडबाई,

मी योकोहामाची वृंदा. तुमच्या बंदिस्त देशातले डोंगर तुम्हीच आम्हाला दाखवलेत. संध्याकाळी हॉटेलवरून निघालात, तेव्हा मी सवयीनं तुम्हाला कुंकू लावलं. आमच्यात निघालेल्या बाईला तसंच पाठवत नाहीत. तुम्ही दचकलात, पण पुसलं नाहीत. तुमच्यावर नजर ठेवणाऱ्या माणसानं फोटो काढला.

सकाळी बसमध्ये तुमच्या जागी दुसरीच बाई. “कालही मीच होते ना?” तिनं हसून विचारलं.

माझा नवरा म्हणतो, तुमची बदली झाली असेल. महिना झाला, मला कुंकवाची डबी उघडवत नाही. हे पत्र पाठवलं तर तुमचं आणखी काय करतील, या भीतीनं पाठवत नाही. आणि पाठवून सांगू तरी काय? तिनं विचारलं तेव्हा सगळी बस गप्प होती. “हो” म्हणाली ती मीच.

वृंदा