उंच टाचांचे बूट

गुरुवार, ११ नोव्हेंबर १९९९
नवीन जालना

सुट्टीला जाफराबादहून दोन्ही नातवंडं आलीत. मुलाने त्यांना टीव्हीला जोडायचा व्हिडिओ गेम दिलाय. त्यात मारामारी करणारे सात पुरुष आणि एक बाई. तिच्या पायात उंच टाचांचे बूट. ज्याने ही बाई काढली, त्याला ते बूट घालून स्टेशनपर्यंत चालायला लावलं पाहिजे.

नात रोज मिशीवाला निवडते. आज विचारलं, "बाई का नाही घेत गं?"

"तिला घेतलं की दादा अन् त्याचे दोस्त तिच्याकडं बघून फिदीफिदी हसतेत. मंग मलाच लाज वाटते, आजी."

नऊ वर्षांची पोर. लाज हिला, हसणाऱ्यांना नाही.

तावातावाने मी ती बाई घेतली. दोन मिनिटांत आपटले. शिवाय सगळा वेळ त्या टाचांकडे बघून मीच अवघडले होते. का?

कॉन्व्हेंटच्या नाटकात तीन वर्षं मी राजा झाले. सिस्टरनी राणीचं काम दिलं, तेव्हा रडले होते. आणि मी हिला शिकवणार?

"आजी, तू पण मिशीवाला घे ना."

घेतला. जिंकले. नातीने टाळ्या वाजवल्या आणि मला फार बरं वाटलं. त्या बरं वाटण्यानेच रात्री जेवण गेलं नाही.