कपॅसिटर तीन मिलिमीटरवरच राहील

मी, खाली सही करणारी, वय एकोणतीस, अँप्लिफायरच्या सर्किटची आखणी करणारी, उद्या सकाळी भूल देईपर्यंत पूर्ण शुद्धीत आहे. ऑपरेशन पित्ताशयाचे, चाळीस मिनिटांचे. डॉक्टर म्हणतात, काळजी नको. तरी लिहिते, कारण उद्याच बोर्डाचा नकाशा कारखान्यात जातो. शिवाय आज बोर्ड चाचणीत पास झाला आणि मला एका जागी बसवत नाही.

१. सोल्डरिंग गन, भिंग आणि चिमटा ताईला. चिमटा भुवयांसाठी नाही, हे पूर्वीही सांगितले आहे.

२. बचत आईला. तिने ती माझ्या लग्नासाठी राखून ठेवू नये, मी नसेन.

३. अँप्लिफायरमुळे रेडिओत येणारी खरखर थांबवायला सात महिन्यांत जमवलेले फेराइटचे मणी आणि बोर्ड झाकायचा पत्र्याचा डबा मुख्य अभियंत्यांना देणार होते, कल्पना त्यांचीच. पण ज्याला काही मिळते त्याला साक्षीदार होता येत नाही, आणि मला त्यांची सही हवी आहे. म्हणून सगळे भंगारात.

४. पास झालेला बोर्ड बाबांना. ते निवृत्त रेडिओ मेकॅनिक. आमचा अँप्लिफायर सेकंदाला चार लाख वेळा चालू-बंद होतो; त्याने जवळ ठेवलेला रेडिओ खरखरतो. मी घरी बोर्ड चालू केला आणि बातम्या बुडाल्या की बाबा माझ्या पदवीचा उद्धार करत. गेल्या रविवारी त्यांनी रेडिओ उचलून बोर्डाभोवती फिरवला. एका कोपऱ्यावर तो किंचाळला.

"इथं दुखतंय गं याला," बाबा म्हणाले.

तिथे कपॅसिटर ट्रान्झिस्टरांपासून अठरा मिलिमीटर दूर होता. प्रवाहाचा फेरा लांबला, फेऱ्याची अँटेना झाली. दूर का, तर बाकीच्यांबरोबर एका रांगेत छान दिसतो म्हणून. रांग माझीच. तो तीन मिलिमीटरवर आणला. रेडिओ गप्प झाला. मी स्वयंपाकघरात दोन गिरक्या घेतल्या. याला साक्षीदार नाही.

५. त्या रांगेचा फोटो माहितीपत्रकावर छापून झाला आहे. म्हणून मुख्य अभियंते कपॅसिटर पुन्हा रांगेत न्यायचे म्हणतात. मी बेशुद्ध असताना हे होता कामा नये. खाली साक्षीदार म्हणून सही करणाऱ्याला हे मान्य आहे, असे धरले जाईल.

याआधी मृत्युपत्र केलेले नाही. पुन्हा करायची इच्छा नाही.

स्थळ: प्रयोगशाळा, दुसरे टेबल
दिनांक: ऑपरेशनचा आदला दिवस, दुपारी चार
(सही)

साक्षीदार पहिली, चाचणी विभाग: नकाशावर स्वतः मोजले. तीन मिलिमीटर. (सही)

साक्षीदार दुसरा, मुख्य अभियंता: नकाशा आहे तसाच जाईल. माहितीपत्रक नवीन छापू. फोटो मात्र तूच काढायचास, त्यामुळे सोमवारी हजर राहा. (सही)