माझ्या नावाचा हात

प्रिय आप्पा,

पत्र बघून घाबरू नका, मी धडधाकट आहे. फोनवर जरा काही वेगळं बोलायला गेलं की तुम्ही “बरं बरं, जेवलास का?” म्हणता आणि ठेवून देता. कागदाचं तसं होत नाही. तुम्ही बाजूला टाकलात तर आई उचलून मोठ्यानं वाचेल. पाचवीत शाळा सोडलेल्याचं अक्षर आहे, तेवढं सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी आपल्या गल्लीच्या बचत मंडळाच्या बैठकीत माझ्या नावानं तुम्ही हात वर केलात. पाण्याच्या टाकीमागची मोकळी जागा घ्यायची, मंडळाचा सगळा पैसा तिच्यात घालायचा, हे तुम्ही मला इतक्या खुशीत सांगितलंत की मी तेव्हा गप्प बसलो. ती चूक झाली. आता लिहितो. माझा हात खाली. येत्या रविवारी जागेचा इसार द्यायच्या आधी मंडळाचा हिशोब ठेवणारे मास्तर शेवटचे हात मोजणार आहेत, तेव्हा माझ्या नावानं हात वर करायचा नाही. सगळा पैसा एका ठिकाणी घालायचा तर एकाचीही ना नको, हा नियम पहिल्याच बैठकीत झाला होता. मग ती एक ना माझी समजा. मी बाहेरगावी असतो म्हणून मंडळातला माझा हात तुमच्याकडे ठेवला होता, डोकं मी इकडे बरोबर आणलंय.

रागावलात ना? रागवा. पण पुढे वाचा.

तुम्हाला जमीन का हवी हे मला कुणी सांगायला नको. तीस वर्षं तुम्ही दुसऱ्यांच्या मोकळ्या जागा राखल्यात. पत्र्याची खोली, हातात काठी आणि समोर कुणाचीतरी रिकामी जागा. जागा विकली गेली की आपलं बिऱ्हाड पुढच्या जागेवर. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांचे बाप असंच काहीतरी राखतात आणि मालक वर्षातून एकदा गाडीची काच खाली करून बघून जातो. एकदा तुम्ही फाटकाजवळ पावलं मोजत होतात. मी विचारलं तर म्हणालात, काही नाही, एवढ्यात एक खोली आणि मोरी बसली असती. ते मी विसरलेलो नाही. म्हणून हे लिहिताना माझा हात जड झालाय. पण जड झाला म्हणून वर जाणार नाही.

इथे माझं काम पाडायचं, ते तुम्हाला माहीत आहे. घर, दुकान, कुंपण, मुकादम बोट दाखवेल ते आम्ही पाडतो. मागच्या महिन्यात एका जागेवर गेलो. बघतो तर काय, रस्त्यापासून मागच्या नाल्यापर्यंत नुसत्या भिंतीच भिंती! एकीशेजारी दुसरी, दुसरीशेजारी तिसरी, मध्ये जेमतेम दहा फुटांची बोळ. अशा नऊ बोळी. मला वाटलं तबेला असेल. मुकादम हसून म्हणाला, अरे हा तबेला नाही, हे मंडळ आहे. नऊ जणांनी पैसे जमवून जागा घेतली होती. आपल्यासारखेच, एका गल्लीतले. एकाला बांधायचं होतं, एकाला विकायचं होतं, एकाला नुसतं बघत बसायचं होतं. भांडणं झाली आणि वाटणी ठरली. रस्ता सगळ्यांनाच हवा, म्हणून उभे पट्टे पाडले. दहा फुटांत घर बांधायचं कसं आणि गाडी वळवायची कशी? हातगाडी आत नेली तर उलटीच बाहेर काढावी लागायची. एकानं आपली भिंत आतून निळी रंगवली होती. एकानं खुर्ची ठेवली होती, बाकी काही नाही, एकच खुर्ची. शेवटी नऊच्या नऊ जणांनी मिळेल त्या भावात एकाच माणसाला जागा विकली, आणि आम्ही भिंती पाडायला गेलो.

त्या नवांतले एक आजोबा बघायला आले होते. मी तिसऱ्या भिंतीला घण घातला तर म्हणाले, बाळा, जरा हळू पाड, ह्या भिंतीपायी मी माझ्या मेव्हण्याशी सात वर्षं बोललो नाही. मी म्हटलं, आजोबा, मेव्हणे कुठे असतात आता? ते म्हणाले, आता कुठेच नसतात.

मी घण खाली ठेवला. मुकादमानं शिव्या घातल्या ते वेगळं.

मास्तर म्हणतील, पाचवी नापासाला व्यवहारातलं काय कळतं. (नापास नाही, सोडली. त्यांना सांगा.) मास्तरांचं गणित बरोबरच आहे. टाकीमागची जागा पाच वर्षांत दुप्पट होईल, तिप्पटही होईल. जमीन वाईट असं मी कुठे म्हणतोय? एकट्यानं घ्यावी, पोटाला लागत नाही त्या पैशानं घ्यावी आणि खुशाल बसावं. पण मंडळाचा पैसा तसला आहे का? आपल्या मंडळातला रंगारी शिडीवरून पडला तेव्हा दोन दिवसांत मंडळानं त्याचा वाटा आणि वर थोडे हातउसने त्याच्या उशाशी ठेवले, तुम्हीच नेऊन दिलेत. तेव्हा तो पैसा जमिनीत असता तर काय नेलं असतं, टोपलीभर माती? तुम्ही म्हणता पैसा उडतो, जमीन बसून राहते. आप्पा, तेच तर माझं म्हणणं आहे. ती बसूनच राहते. हाक मारली तर उठत नाही.

आणि आता शिलाईवालीचं. तिनं वाटा काढून घेण्याची नोटीस दिली आहे, रीतसर, महिना आधी, नियमाप्रमाणे. नोटीस दिली की हात जातो, तोही नियमच. म्हणून अकराचे दहा हात उरले. पण महिना भरायला अजून तीन आठवडे आहेत आणि इसार ह्या रविवारी. म्हणजे तिचा पैसा तिच्या हाती पडायच्या आत जमिनीत जाणार, आणि मग तिनं जागा विकेपर्यंत वाट बघायची. ही घाई कुणाला आणि कशासाठी सुचली, ते मी लिहीत नाही. मास्तर तिला म्हणाले, एकटी बाई तू, तुला कसली घाई, जागा दुप्पट झाली की दुप्पट घे. तर ती म्हणाली, मास्तर, तोवर मीही दुप्पट म्हातारी होईन. सगळे हसले. तुम्हीही हसलात म्हणे.

चार वर्षं तिचा हप्ता एकदाही चुकला नाही. नवरा गेला त्या महिन्यातसुद्धा नाही. मशीनचा पट्टा तुटला तेव्हा हातशिलाई करून तिनं हप्ता भरला, बोटांना चिकटपट्ट्या लावून. तुम्ही मंडळातल्या सगळ्यांना ओळखता, पण हे तुम्हाला माहीत नसणार. गेल्या सुट्टीत मी माझी पँट आखूड करायला तिच्याकडे टाकली होती. तिनं मापं घेतली आणि म्हणाली, तुझ्या वडलांनी तुझ्या नावानं हात वर केला की मला हसू येतं, तू स्वतःच्या नावानं कधी काही करतोस का? पँटचे पैसे पुरे घेतले. एक रुपया सोडला नाही.

एवढं वाचून तुम्ही चष्मा काढून आईकडे बघितलं असणार. आईनं खाली बघितलं असेल. तिला बोलू नका, तिला मीच गप्प बसवलं होतं.

तर ऐका. शिलाईवाली वाटा काढते आहे ती इकडे यायला. माझ्या खोलीच्या दोन घरं पुढे एक गाळा रिकामा आहे, शटर जरा अडकतं, पण उजेड चांगला आहे. त्यात दोन मशीन बसतात, मी मोजून बघितलंय. आम्ही लग्न करणार आहोत. ती माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठी आहे आणि तिचं एकदा लग्न झालेलं आहे, हे मला कुणी सांगायची गरज नाही, आणि लोक काय म्हणतील ते मी सगळं आधीच म्हणून बघितलंय. तुम्ही म्हणाल, आता कळलं ह्याचं पोट कुठे दुखतंय. दुखतंय, खरं आहे. पण तिच्या जागी रंगारी असता तरी मी हेच लिहिलं असतं, फक्त इतकं लांब लिहिलं नसतं. रविवारी मी स्वतः येतोय. बैठकीत माझा हात मीच खाली ठेवीन, तिच्या शेजारी बसून, सगळ्यांच्या देखत. टाकीमागची जागा माझ्यामुळे गेली असं तुम्हाला जन्मभर वाटेल, वाटू द्या. तुमच्या एकट्याच्या नावाची जागा मी घेऊन देईन, एक खोली आणि मोरी बसेल एवढी, ती कुणाशी वाटायची नाही. ते जमेल तेव्हा जमेल. पण रविवारी बैठक संपली की आम्ही दोघं आधी आपल्या घरी येणार आहोत. तुम्ही आतून कडी लावलीत तर बाहेर पायरीवर बसू, उघडेपर्यंत. किती वेळ बसू शकतो ते आईला विचारा, हा हट्ट मी कुणाकडून घेतलाय ते तिला चांगलं माहीत आहे.

तुमचाच,
पाडकाम्या