अंबूबाईचा गुरुवार

कर्जत, ४ सप्टेंबर १९८१

चि. हरीस, ताईचे अनेक आशीर्वाद.

इकडे सर्व क्षेम. बँकेतल्या युनियनची पत्रकं लिहून हात मोकळा झाला, तर बहिणीलाही चार ओळी लिहीत जा.

आमच्या अंबूबाईने नवीच टूम काढली आहे. तिला दर गुरुवारी सुट्टी हवी. गुरुवारी आमचं दुकान बंद, नोकर नामा कडावला घरी जातो. परवा म्हणाली, दुकानात साखर जोखनाऱ्या नामाला सुट्टी, नि त्याच साखरेचा च्या करनारीला नाय, ह्ये कसं? लेक शकू ठाकुरवाडीला दिलेली, तिच्या बाळाला हिने अजून पाहिलेलं नाही. सुट्टी नसेल तर दिवाळीनंतर काम सोडते म्हणाली. नऊ वर्षं घरात वावरलेली बाई! राग आला, पण त्याहून धास्ती जास्त. गुरुवारी सगळे घरी, म्हणजे दुप्पट भांडी. तुला कायदे पाठ. मोलकरणीला सुट्टी द्यायचा कायदा नाही, एवढं लिहून पाठव. तिला वाचून दाखवते.

तुझी ताई

पुणे, १० सप्टेंबर १९८१

ती. अनसूयाताईस, सा. न. वि. वि.

तुझं पत्र आधी सुचेताच्या हाती पडलं. तुझी ही भावजय तुझ्यावर जाम भडकली आहे.

दुकानातल्या नोकराच्या सुट्टीला कायदा आहे, मोलकरणीच्या नाही. जिंकलीस! खुशाल वाचून दाखव. पण ती गेल्यावर दुसरी अंबूबाई आणून देणारा कायदाही नाही, हेही वाच. इथे गेल्या साली मोलकरणींनी संप केला. तेव्हापासून आमच्या सोनुबाईला महिन्यात दोन सुट्ट्या, आणि त्या दिवशी भांडी माझ्याकडे. मी घासलेली कढई सुचेता पुन्हा घासते, ती गोष्ट वेगळी. भावोजींनाही लाव कामाला.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा हरी

कर्जत, २ ऑक्टोबर १९८१

चि. हरीस, आशीर्वाद. सुचेताला सांग, राग आवर.

पत्र वाचून दाखवलं नाही. सुट्टी दिली. पहिल्या गुरुवारी अंबूबाई ठाकुरवाडीला गेली आणि तुझ्या भावोजींनी दोन बशा फोडल्या. आमच्या मामंजींनी, म्हणजे तात्यांनी, आपलं ताट आपण उचललं. मी बघतच राहिले.

काल दुसरा गुरुवार. दुपारी खिडकीतून अंबूबाई येताना दिसली. मला वाटलं, बाईला घरी करमलं नाही. मी खुशीत सगळी भांडी मोरीत काढली. पण ती मागच्या दाराने आलीच नाही. पुढच्या दाराने आली, ठेवणीतलं हिरवं लुगडं नेसून, कडेवर नातू, मागे शकू. माहेरपणाला आलेल्या शकूचं बाळ आम्हाला दाखवायला आणलं होतं. खुर्चीवर बसा म्हटलं, तर बसल्या. मी चहा केला. आलं जरा जास्तच पडलंय, अंबूबाई म्हणाली, पण संपवला. सवयीने कप विसळायला उठली, मग स्वतःशीच हसली आणि कप होता तिथे ठेवून दिला. मलाही हसू आलं. फार बरं वाटलं रे.

यंदा भाऊबीज गुरुवारीच येते. त्या दिवशी ती कशेळ्याला भावाकडे जाणार आहे. तिला भाऊ आहे, हे मला कालच कळलं. इतकी वर्षं भाऊबीजेला ती तुझ्या जेवणाची भांडी घासत होती.

तू ये, वाट पाहते. माया आहेच, ती राहू दे.

तुझी ताई