कॅपखालचा सुळा

९ फेब्रुवारी
दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. कॅप हलतेय का, एवढंच बघायचं होतं. नाही हलत. उठलो, तर म्हणे एक्स-रे काढू. म्हटलं, दुखतंय कुठं? म्हणाल्या, दुखायच्या आधीच काढायचा. कॅपखालचं आणि दातांच्या फटीतलं डोळ्यांना दिसत नाही. समोरचे चार दात नकली, ब्रिजचे, दोन सुळ्यांच्या जिवावर उभे. एक सुळा गेला की सगळंच गेलं.
मी सुतार माणूस. आतलं ओळखायला फोटो कशाला? निघून आलो.

१० फेब्रुवारी
पटाशीच्या मुठीनं सुळ्यावर ठोकून बघितलं. भरीव आवाज. जुना सागच. ही म्हणाली, तोंड आहे का चौकट? हिला लाकडातलं काय कळतंय.

२ मार्च
जरासा ठणका. गार पाण्यानं. उद्यापासून कोमट.
ही परस्पर डॉक्टरीणबाईंना भेटून आली. म्हणे, किरण अगदी थोडे, तेवढे तर मातीतून, आभाळातून रोजच्या जगण्यातही लागतात. आणि ऊठसूट काढत नाहीत, ज्याची जशी गरज. मी म्हटलं, मग ती एक्स-रे मशीनवाली बटण दाबताना दाराबाहेर का पळते? ही परत गेली विचारायला! उत्तर आणलं: तुम्ही कधीतरी एकदा बसणार, ती रोज दिवसभर काढते.
चहा उचलला. पटलं म्हणून नाही. गार होत होता.

१७ मार्च
ठणका थांबला! आपोआप. सांगत होतोच.
कोपऱ्यावरच्या दुकानाचं दार बघायला गेलो. मालक म्हणतो, रंग बघा, अगदी नवं. स्क्रू-ड्रायव्हर टोचला, मुठीपर्यंत आत. म्हटलं, बाबा रे, आतून पोखरलंय, बाहेरून काय बघतोस? लोकांना साधी अक्कल नसते.

६ एप्रिल
वरचा ओठ सुजलाय. डास चावला असणार. खिळे दातात धरवत नाहीत, आणि त्याशिवाय माझे हात चालत नाहीत. चिमटीत धरले. अंगठा ठेचला. शिवीसुद्धा नीट उमटली नाही.

९ एप्रिल, सकाळी
गाल फुगून डोळा मिटला. ही म्हणाली, आणा पटाशी, ठोकून बघू.

९ एप्रिल, संध्याकाळी
एक्स-रे काढला. चुटकीसरशी झाला, कळलंही नाही. सुळा कॅपखाली पार कुजलेला, मुळाशी वाटाण्याएवढा काळा डाग. मी विचारलं, फेब्रुवारीत वाचला असता? म्हणाल्या, बहुतेक. बस्स, एवढंच. ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं.
सुळा गेला. ब्रिज गेला. आता काढघालीची कवळी. तिच्यात खिळे धरायचे नाहीत, सक्त ताकीद.
मग त्यांनी विचारलं, दुसऱ्या सुळ्याचाही फोटो काढू ना? मी हो म्हणालो. दोनदा म्हणालो. पण तोंडात कापूस कोंबलेला. डॉक्टरीणबाईंनी हिच्याकडे बघितलं.
ही म्हणाली, नको म्हणतायत. त्यांचं नेहमीचंच आहे.